आधी मुलाची वही उघड

बीड,
दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला रविवार

चि. वैशालीस,


तुझं पत्र मिळालं. मनात काही न ठेवता लिहिलंस, बरं केलंस. चौथीतल्या एका मुलाचे वडील परिपाठ चालू असताना आवारात आले आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "बाई, पगार कशाचा घेता? चौथीला गेलं पोरगं, अन् अजून एस्टीवरचं पाथर्डी वाचता येईना." तुला तोंडातून शब्द काढता आला नाही, खोलीवर येऊन रडलीस, आणि पत्राच्या शेवटी विचारलंस, "मावशी, मी या कामाला योग्य आहे का?"

योग्य आहेस. ज्याला मुलांचं काही पडलेलं नसतं, त्याला असं बोलणं दुपारपर्यंत आठवतही नाही. तुला ते आठ दिवस टोचत राहिलं. पण टोचणी लागली म्हणजे काम झालं असं नाही. रागावलेल्या पालकाशी बोलायची एक रीत असते आणि ती शिकता येते. डी.एल.एड.ला पाठाचं टाचण शिकवतात, फळ्यावरचं लेखन शिकवतात. ही रीत मात्र शाळेत उभं राहिल्यावरच कळते. माझ्या सगळ्या नोकरीत मला जे कळलं, ते आज तुला लिहिते आहे.

पालकासमोर उभं राहताना शिक्षकाजवळ एकच भक्कम आधार असतो: त्याच्या मुलाची नेमकी ओळख. पदाचा धाक आता राहिलेला नाही आणि नाही राहिला तेच बरं. नियमावलीचा हवाला ऐकून कोणाचा राग निवत नाही. गोड बोलणं पहिल्या भेटीपुरतं पुरतं. पण त्याचं मूल कुठं अडतं, कुठं चालतं, वर्गात कोणाशेजारी बसलं की बोलतं, हे ज्या शिक्षकाला सांगता येतं, त्याच्याशी पालक फार वेळ चढ्या आवाजात बोलू शकत नाही. नाडी न बघता पुडी बांधणाऱ्या वैद्याकडे माणूस दुसऱ्यांदा जात नाही, आणि नाडी ओळखणाऱ्याचा कडू काढाही मुकाट्याने घेतो.

आता त्या वडिलांचं वाक्य शांतपणे पुन्हा बघ. पाथर्डी वाचता येईना, असं ते म्हणाले. बीड वाचता येईना, जालना वाचता येईना, असं म्हणाले नाहीत. पाथर्डीत रफार आहे. त्या मुलाचं बहुधा तिथंच अडत असणार. साधे शब्द येतात, काना-मात्रा येतात, रफार आणि जोडाक्षर आलं की तो थांबतो. वडिलांनी रागात तुला मुलाची अडचण अगदी बोट ठेवून दाखवली होती. तुझ्याजवळ त्या मुलाच्या वाचनाची नोंद असती, तर तू एवढंच म्हणू शकली असतीस, "बरोबर आहे तुमचं. त्याला जोडाक्षरं अडतात. साधे शब्द तो वाचतो, हे बघा त्याची वही. दिवाळीनंतर मी त्याच्याकडून रोज जोडाक्षरांचे दहा शब्द वाचून घेणार आहे."

म्हणून पहिली गोष्ट सांगते. शंभर पानी वही आण आणि प्रत्येक मुलाला तीन-चार पानं दे. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात वर्णनात्मक नोंदी आल्या. त्या नोंदींची छापील पुस्तकं बाजारात मिळतात आणि वर्षअखेर त्यातली वाक्यं रजिस्टरात उतरतात, हे तुलाही ठाऊक आहे. "वाचनात सुधारणा आवश्यक" असं लिहिलं म्हणजे काय सुधारायचं, हे आईबापाला कळत नाही आणि पुढच्या वर्गाच्या शिक्षकालाही नाही. तू तुझ्या वहीत तुझी वाक्यं लिही. "रफार वाचताना थांबते." "बेरजेत हातचा विसरतो, पण दुकानातला हिशेब तोंडी चोख करतो." "धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते, त्यामुळे पहिल्या तासाला उशीर होतो." रोज तीन मुलांचं लिहिलंस तरी पंधरवड्यात सगळा वर्ग होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं सांगितली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची गती, प्रगती सांगायची, हे त्यात स्पष्ट आहे. ही वही ठेवलीस की ते कर्तव्य कागदाबाहेर येऊन खरोखर पार पडतं, आणि अवघड प्रसंगी तीच तुझ्या पाठीशी उभी राहते.

दुसरी गोष्ट, पालकाशी पहिलं बोलणं तक्रारीचं होऊ देऊ नकोस. शाळेतून निरोप आला की गावातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण निरोप येतो तो पोराने काहीतरी केलं म्हणूनच. जून-जुलैमध्ये, भांडणाचं कारण घडण्याआधीच, प्रत्येक घरी एकदा जाऊन ये. घरातला माणूस कुठं कामाला जातो, जमीन किती कोरडवाहू आहे, घरात आजारी कोण आहे, पोराला अभ्यासाला बसायला उजेड आहे का, हे नुसतं बघून ये. उपदेश करू नकोस, चहा घे आणि पोराची एक चांगली, खरी गोष्ट सांगून ये. ज्या दारात तू आधी चांगलं सांगून आलीस, त्या दारातला माणूस पुढं रागावला तरी आवाराबाहेर थांबून हाक मारतो. यंदाचे ते महिने गेले म्हणून थांबू नकोस, आत्ताच सुरू कर.

रागावलेला पालक आला तर काय करायचं, तेही क्रमाने सांगते. मुलांसमोर बोलणं होऊ द्यायचं नाही. त्यात तुझ्या मानापेक्षा त्या मुलाचा मान मोठा आहे. बाप शाळेत येऊन ओरडला की दिवसभर त्या पोराची मान खाली राहते. म्हणून पहिलं वाक्य, "दादा, ऑफिसात बसून बोलू." खुर्ची दे, पाणी दे. मग ते बोलतील तेवढं बोलू दे. मधे "पण" म्हणू नकोस. ते सांगतात त्यातले मुद्दे त्यांच्यासमोर कागदावर लिही. आपलं बोलणं कोणी लिहून घेतंय हे दिसलं की माणूस जपून आणि नेमकं बोलायला लागतो. त्यांचं संपलं की वही उघड आणि मुलाबद्दल बोल. बोलणं दुसऱ्या मुलांवर, मागच्या शिक्षकांवर, गावातल्या राजकारणावर घसरलं तर पुन्हा वहीकडे आण. मागच्या वर्षीच्या शिक्षकांना दोष देण्याचा मोह होईल, कारण तू तर जूनमध्येच आलीस. तो टाळ. पालकाला शाळा ही एकच दिसते. तू सहकाऱ्याकडे बोट दाखवलंस की शाळेवरचा त्याचा उरलासुरला विश्वासही जातो.

शेवटी एकच काम त्यांच्यावर सोपव आणि पुन्हा भेटायचा दिवस ठरव. काम त्यांना झेपेल असंच हवं. ज्या बापाला स्वतःला वाचता येत नाही, त्याला "अभ्यास घ्या" म्हणणं क्रूर आहे. त्याला सांग, "रोज रात्री पाच मिनिटं पोराला मोठ्यानं वाचायला लावा, तुम्ही फक्त शेजारी बसून ऐका." आणि ठरल्या दिवशी तू स्वतः निरोप पाठव. बहुतेक भांडणं पुन्हा पेटतात ती पहिल्या भेटीत दिलेला शब्द विसरला गेला म्हणून.

पालकाची तक्रार खरी असते तेव्हा ती खरी म्हणून मान्य कर. रफार शिकवायचा राहिला असेल तर "राहिलाय, या महिन्यात पुरा करते" असं सरळ सांग. अशा कबुलीने शिक्षक लहान होत नाही. गावातली माणसं चुकीला फार धरून बसत नाहीत. टोलवाटोलवी केलेली मात्र त्यांना ताबडतोब कळते आणि ती वर्षानुवर्षं लक्षात राहते.

आणि एक मर्यादाही ठरवून ठेव. दारू पिऊन आलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याला "उद्या सकाळी या" एवढंच सांगायचं. शाळा सुटल्यावर एकटीने अशा भेटी घ्यायच्या नाहीत. मुख्याध्यापक, अंगणवाडी ताई, शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई, कोणीतरी सोबत असू दे. शिवीगाळ झाली, धमकी आली, कोणी अंगावर धावून आलं, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, हजर असलेली माणसं यांसह लेखी अर्ज मुख्याध्यापकांना दे, प्रत केंद्रप्रमुखांना, आणि पोच घे. "गावात राहायचंय, कशाला वाढवायचं" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. लिहून ठेवणं म्हणजे वाढवणं नव्हे. सोसणं हा शिक्षकाचा गुण आहे, पण अपमान गिळणं त्यात येत नाही. तुझ्यावर कोणी हात उगारलेला वर्गातल्या मुली बघत असतात, आणि तू पुढं काय करतेस हेही त्या बघतात.

आता वेगवेगळ्या पालकांविषयी थोडं.

एक असतो तो "झोडपा बाई त्याला, आम्ही काही म्हणणार नाही" असं सांगणारा. तो तुझ्यावर भरवसा टाकतो आहे, हे ओळख. त्याला मार खाऊनच शाळा ठाऊक झालेली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे, हे त्याला एकदा सांग. पण तिथंच थांबू नकोस. "मारलं की ते माझ्याकडे चूक घेऊन यायचं बंद करेल, आणि मग मला कळणारच नाही कुठं अडतंय" हे त्याला समजेल अशा शब्दांत सांग. घरी होणारा मारही अशा बोलण्यातून कमी होतो.

दुसरा, मुलाला शहरातल्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवणारा. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्यानं पोटाला चिमटा काढून फी भरायची ठरवलेली असते. दाखला हसतमुखाने दे आणि मूल कुठपर्यंत आलंय ते सांगून दे. त्याची पुतणी, भाची तुझ्याच वर्गात असते. तिचं खणखणीत वाचन त्याच्या कानावर पडलं की पुढचा निर्णय तो स्वतः करेल.

तिसरा, वजन असलेला. समितीचा अध्यक्ष, पंचायतीचा सदस्य, किंवा त्यांचा मेहुणा. स्नेहसंमेलनात माझाच मुलगा शिवाजी महाराज झाला पाहिजे, पोषण आहार शिजवायला माझीच माणसं हवीत. इथं गोड बोलून वेळ मारून नेशील तर अडकशील. सगळ्यांना सारखा नियम आधीच जाहीर कर. नाटकाची निवड मुलांसमोर वाचन घेऊन कर, बाकीचा विषय समितीच्या बैठकीत ठेव आणि ठराव इतिवृत्तात लिहून घे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदा म्हणतो. त्या स्त्रिया बैठकीला येतात का, की रजिस्टर अंगठ्यासाठी घरोघर फिरतं, हे बघ. बायका बसून बोलायला लागल्या की एकट्या वजनदार माणसाचं वजन आपोआप कमी होतं.

मोबाइलवरच्या पालकांच्या गटाबद्दल लिहिलं होतंस. गटावर फक्त सूचना टाकायच्या, असं पालकसभेत ठरवून घे. कोणी गटावर तक्रार टाकली तर गटावर उत्तर देऊ नकोस. त्या पालकाला फोन कर आणि भेटायला बोलव. रात्री आठनंतर निरोप बघायचा नाही. मूल आजारी पडलं, हरवलं तर माणसं फोन करतातच.

सगळ्यात अवघड पालक कोण, असं मला कोणी विचारलं तर मी यांपैकी कोणाचंच नाव घेणार नाही. जो कधीच येत नाही, तो सगळ्यात अवघड. तुझ्या भागात तो कोण आहे, हे तू आत्ता पाहतेच आहेस. सुट्टी संपून शाळा उघडली आणि अर्धा वर्ग रिकामा. मुकादमाकडून उचल घेतलेली, जोडप्याला मिळून एक कोयता धरलेला, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेली. ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परत येणार. "यांना पोरांच्या शिक्षणाची किंमत नाही" असं तुझ्या पत्रात एका ठिकाणी आलं आहे. ते वाक्य मनातून काढून टाक. उचल फेडायची असते, मागं धाकट्याला सांभाळायला माणूस नसतं, आजी स्वतः थकलेली असते. पोराला घेऊन जाण्याशिवाय त्या आईला दुसरी वाट दिसत नाही.

यातली वाट शाळेने दाखवायची असते. गावात हंगामी वसतिगृह व्हावं म्हणून प्रस्ताव वेळेत जायला लागतो. पुढच्या वर्षी पोळा झाला की कोण जाणार, कोणाची मुलं आजीजवळ राहू शकतील, याची यादी करायला घे. दसऱ्यानंतर केलेली यादी उपयोगाची नसते. जी मुलं आईबापाबरोबर जातील त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड दे, त्यावर मूल काय वाचतं, कुठवर गणित येतं ते स्वच्छ लिही. कारखान्याजवळच्या शाळेने अशा मुलाला दाखल करून घ्यायचं आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. ते आईबापाला पाठ करून सांग, कारण तिथं त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. आणि आठवड्यातून एकदा फोन लाव. "बाई, फडात आहे" असं उत्तर येईल. तरी पोराशी दोन मिनिटं बोल. एप्रिलमध्ये ते मूल वर्गात परत येतं की नाही, हे पुष्कळदा या फोनवर ठरतं.

या बाबतीत आपल्याजवळ थोर उदाहरण आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. बालवाडीत काही वस्त्यांतली मुलं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर आपण जिला अंगणवाडी म्हणतो, तिचं मूळ तिथं आहे. पुढं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना दिसलं की मोठी मुलं गुरं राखतात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. मग गुरं चरतात तिथं कुरणशाळा भरली, आणि मुलींना मोकळं करण्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून विकासवाडी उभी राहिली. पालक मूल पाठवत नाहीत याचा त्यांनी राग धरला नाही. न पाठवण्याचं कारण शोधलं आणि शाळा त्या कारणाला पुरी पडेल अशी घडवली. तुझ्या हातात तेवढं नाही, हे मला कळतं. पण "का येत नाही?" हा प्रश्न त्यांनी ज्या आस्थेने विचारला, ती आस्था कोणत्याही शिक्षकाला परवडते.

आता रोजच्या ताणाविषयी. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, दोन माणसं. तांदळाचा साठा, मुलामागे शंभर ग्रॅमचा हिशेब, चव नोंदवही, युडायसवरची शाळेची माहिती, आधारची दुरुस्ती, रोजची कुठलीतरी "तातडीची" लिंक, कार्यक्रमाचे फोटो, आणि या सगळ्याच्या मधून शिकवणं. यातलं काही तुला टाळता येणार नाही. पण प्रत्येक कामाला एक प्रश्न विचार: यामुळे मला माझी मुलं अधिक कळतात का? किंवा त्यांच्या पोटात, हातात काही पडतं का? उत्तर होकारार्थी असेल तर ते काम मन लावून कर. चव नोंदवहीत न चाखता सही करू नकोस. त्या घासावर मुलांची तब्येत अवलंबून आहे. उरलेली कामं शाळा सुटल्यावरचा एक ठरावीक तास देऊन उरक, आणि वर्गाच्या वेळेत मोबाइल कपाटात ठेव. लिंक दुपारऐवजी संध्याकाळी भरली तर मुलांचं काही बिघडत नाही. पहिलीतलं मूल अक्षर विचारायला आलं आणि तू मान वर केली नाहीस, तर ते दुसऱ्यांदा येत नाही.

कोणती बिगरशैक्षणिक कामं तुला करावी लागतात, हेही नीट माहीत करून घे. कायद्याच्या 27 व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं एवढ्यांचीच मुभा ठेवली आहे. आदेश आला तर तो लेखी माग, आणि शंका असेल तर मुख्याध्यापकांमार्फत लेखीच विचार. वर्गात बसून कुढण्यापेक्षा एक सरळ अर्ज बरा.

तुझ्या मुख्याध्यापकांच्या चिडचिडीबद्दल लिहिलंस. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावं लागेल. ज्या माणसाने आयुष्यभर शिकवलं, त्याच्या मनात आज नोकरीची धाकधूक आहे. तू ती परीक्षा नुकतीच दिलेली आहेस. त्यांना तुझी पुस्तकं दे, गणिताचा सराव घे. शाळेत दोनच माणसं आहात. दोघांत दुरावा आला तर गावाला तो आठ दिवसांत कळतो, आणि मग कोणताही पालक एकाची तक्रार घेऊन दुसऱ्याकडे जातो.

स्वतःकडे बघ. शिक्षणसेवकाला तीन वर्षं महिना सोळा हजार मानधन, त्यातून खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे. तुझी ओढाताण मला कळते. तरी जेवणात काटकसर करू नकोस. स्वच्छतागृह नीट नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता राहायची सवय आपल्या कित्येक शिक्षिकांना लागते आणि पुढं ती दुखणी देते. हा विषय समितीतल्या आयांपुढे मांड. त्यांच्या मुलींनाही तोच त्रास आहे, त्या तो धसास लावतील. आवाज जप, चार वर्गांना एकदम ओरडून शिकवता येत नाही, मोठ्या मुलांना धाकट्यांचं वाचन घ्यायला बसव. आणि शाळेतून बाहेर पडलीस की शाळेविषयी न बोलणारं एखादं माणूस जवळ असू दे. ताण असह्य झाला, झोप उडाली, तर डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही.

शेवटचं सांगते. पालक शाळेत येऊन रागावतो, कारण त्याला अजून वाटतं की ही शाळा आपल्या पोराला काही देऊ शकते. ज्या गावांतल्या पालकांची ही आशा सुटली, तिथल्या शाळांचे पट मी रिकामे होताना पाहिले आहेत. तुझ्या गावात ती शिल्लक आहे. तिला तुझ्याकडून रोजच्या कामाने उत्तर मिळालं पाहिजे.

राजीनाम्याचा विचार मनात आला असेल तर तो एप्रिलपर्यंत बाजूला ठेव. ऊसतोडीवरून मुलं परत येऊ देत, वर्षअखेरचं वाचन घे, त्यानंतर काय ते ठरव. तोवर मला दर महिन्याला लिही. आणि पुढच्या पत्रात पालकांविषयी लिहू नकोस. तुझ्या वर्गातल्या पाच मुलांविषयी लिही: कोण कुठं अडलंय, कोण कुठं पुढं सरकलंय.

तुझी,
मावशी